कुलूपबाईंचा आकडा

विश्व ज्या रेट्याने फुगत चाललं आहे तो रेटा पहिल्यापासून एकसारखा आहे की हळूहळू ढिला पडतो आहे, या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षं एका करड्या लोखंडी कपाटात होतं. कपाट तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीत, दाराआड. वरच्या खणात कोरे कागद, मधल्या खणात शाईची नळकांडी आणि खालच्या खणात एक चिकटवलेला लिफाफा. कपाटाची किल्ली ज्यांच्या पर्समध्ये असे त्यांना सगळी संस्था कुलूपबाई म्हणायची. तोंडावर नुसतं बाई. त्यांनी आजवर एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. दहा ते सहा ही त्यांची वेळ. त्या वेळात आकाशात एकच तारा असतो आणि त्याच्याकडे रोखून बघू नये असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, एवढं त्यांचं या विषयावरचं मत होतं.

त्या मूळच्या या खात्यातल्या नव्हत्याच. आधी अकरा वर्षं त्या कोर्टात साक्षी टंकायच्या. साक्षीदार अडखळला तर अडखळणं टंकायचं, खोकला तर पुढचं वाक्य येईपर्यंत थांबायचं आणि तो खोटं बोलतोय हे कळलं तरी बोटं जशीच्या तशी चालू ठेवायची, असं ते काम. पुढे कोर्टात आवाज टिपणारी यंत्रं आली आणि टंकणारी माणसं जास्तीची ठरली. संस्थेत तक्ते सहायकाची जागा निघाली तेव्हा मुलाखतीला गटप्रमुख स्वतः बसले होते. ताऱ्यांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. मग दोन तक्ते एकमेकांशी जुळत नसतील तर तुम्ही काय कराल? बाई म्हणाल्या, दोन्ही ठेवीन, भांडण मिटवणं माझं काम नाही. गटप्रमुखांना, म्हणजे सगळ्यांच्या सरांना, हे उत्तर इतकं आवडलं की पुढे कित्येक भाषणांत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

सरांच्या गटाचं काम थोडक्यात सांगायचं तर साक्षी एकत्र करण्याचंच होतं. विश्वाचं वागणं कोणी समोर उभं राहून पाहिलेलं नाही. साक्षीदार आहेत ते लांबचे. फुटलेले तारे आहेत. ते साधारण एकाच तेजाने फुटतात, म्हणून किती फिके दिसले यावरून ते किती दूर आहेत हे काढता येतं. दीर्घिकांमधली अंतरं आहेत. ती एका ठरावीक मापाने विखुरलेली असतात, आणि ते माप फुगणाऱ्या विश्वाबरोबर ताणलं जातं. आणि सगळ्यात जुना साक्षीदार म्हणजे सर्व बाजूंनी येणारा तो अंधुक उजेड, जो विश्व अगदी लहान असताना निघाला. यातला एकेक जण एकेकट्याने फारसं काही सांगत नाही. एक म्हणतो, तुमचा माणूस या रस्त्यावर कुठेतरी आहे. दुसरा म्हणतो, मी त्याला त्या आडव्या रस्त्यावर पाहिलं. दोघांचं खरं धरलं तर माणूस चौकात सापडतो. पडद्यावर हा चौक म्हणजे एक रंगीत डाग असतो. डाग जितका लहान तितकी खात्री मोठी. आणि तो डाग सरळसाध्या पाठ्यपुस्तकी विश्वापासून जितका लांब पडेल तितकी शास्त्रज्ञाची कीर्ती मोठी.

अडचण इथेच होती. वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आकडा आवडला नाही की तो खाली उतरतो, बूट काढतो, खिशातल्या किल्ल्या काढतो आणि पुन्हा उभा राहतो. आकडा आवडला तर मात्र बूट पायातच ठेवून घरी जातो. शास्त्रज्ञांचंही असंच होतं. मनाजोगतं उत्तर आलं की तपासणी थांबते. म्हणून सरांनी स्वतःच, भल्या हेतूने, झाकण ठेवायची पद्धत आणली. हिशेब करणाऱ्या संगणकात किल्लीधारकाने एक गुप्त आकडा टाकायचा आणि तोच लिहून, लिफाफ्यात चिकटवून कपाटात ठेवायचा. तो अंतिम उत्तराला कुठल्या तरी बाजूला सरकवून ठेवतो. डाग किती मोठा आहे हे सगळ्यांना दिसतं. तो खरा कुठे आहे हे कोणालाच कळत नाही. पद्धत पक्की झाली, पाच जणांनी ती गोठली म्हणून सह्या केल्या, की मगच आकडा वजा करायचा आणि झाकण काढायचं. सरांनी याचे अकरा नियम लिहिले, त्यांवर प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि ते जिन्यापाशी लावले. पहिला नियम असा, की किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला निकालात काडीचाही रस नसावा. सगळ्या इमारतीत ही पात्रता असलेली एकच व्यक्ती सापडली.

घरी या नेमणुकीचं कौतुक वेगवेगळ्या पद्धतीने झालं. बाईंचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. ते म्हणाले, आमच्या धंद्यात किल्ली असलेल्या माणसाला लोक अडकल्यावरच विचारतात. सासूबाई म्हणाल्या, साऱ्या विश्वाचं झाकण हिच्याकडे आणि माझ्या डब्यांची झाकणं मात्र या घरात कुणाला सापडत नाहीत.

दोन वर्षांनी पद्धत गोठली. पाच सह्या झाल्या. झाकण तीन आठवड्यांत काढायचं ठरलं, कारण त्याच सुमाराला एक मोठी परिषद होती आणि दुसऱ्या एका देशातला गट तिथे काहीतरी दणदणीत सांगणार अशी कुणकुण लागली होती. सर रोज दोनदा झेरॉक्सच्या खोलीत काही ना काही काम काढून येऊ लागले. कपाटाकडे बघायचे नाहीत. कपाटाच्या बाजूच्या भिंतीकडे बघायचे.

झाकण काढण्याआधीचं शेवटचं काम बाईंचं होतं: सगळे तक्ते एकदा नजरेखालून घालणं. फुटलेल्या ताऱ्यांच्या दोन याद्या होत्या. एक उत्तरेकडच्या दुर्बिणीवाल्यांनी केलेली, दुसरी दक्षिणेकडच्या डोंगरावरच्यांनी. दोघांची एकमेकांशी बोलाचाल नव्हती, आणि म्हणूनच ते दोन स्वतंत्र साक्षीदार म्हणून धरले होते. पहिल्या यादीत ताऱ्यांची नावं ते कधी फुटले त्यावरून ठेवलेली, म्हणजे जन्मतारखेवरून. खरं तर मृत्यूच्या तारखेवरून. दुसऱ्या यादीत नावं पत्त्यावरून ठेवलेली. तोही पत्ता जुन्या नकाशावरचा. पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलत असते, त्यामुळे आकाशाचा नकाशा ठरावीक वर्षांनी सरकवून घ्यावा लागतो. तो कोणी सरकवला नव्हता. संगणकाला विचारलं होतं की दोन्ही याद्यांत सारखं कोणी आहे का, आणि संगणकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की नाही.

पहिल्या यादीत एका ताऱ्याचं तेज बाईंना खटकलं. आजूबाजूचे सगळे अठराच्या घरात आणि हा एकटाच १६.८३. खगोलशास्त्र न येणाऱ्यालाही कळतं की १८.६३ लिहिताना कोणाची तरी बोटं अडखळली असणार. असले अडखळे बाईंनी अकरा वर्षं टंकले होते. त्यांनी पेन्सिलीने खूण केली आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यादीत, वेगळ्या नावाखाली, वेगळ्या पत्त्यावर, पुन्हा १६.८३.

इथे बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि जाऊन चहा घेऊन आल्या. दोन माणसं एकच खरी गोष्ट सांगू शकतात. ती खरीच असते, तिला त्यांचा इलाज नाही. पण तीच चूक, त्याच शब्दात, दोघांच्या तोंडून आली, की त्यांना एकाच वकिलाने पढवलेलं असतं. कोर्टातल्या शिपायालाही हे कळतं.

पुढचे चार दिवस त्यांनी जुने पत्ते नव्या नकाशावर हाताने बसवले. दोन्ही याद्यांतले दूरचे तारे वेगवेगळे होते, त्याबद्दल वाद नव्हता. पण जवळचे तारे, ज्यांच्यावर दूरच्या सगळ्यांची अंतरं बेतलेली असतात, ते दोघांनीही एकाच जुन्या वहीतून उचलले होते. तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लहान दुर्बिणीने टिपलेले एकशे त्रेसष्ट तारे. दोघांनी आपापल्या पद्धतीने त्यांचं बारसं केलं आणि ज्यांची वही होती त्यांचा उल्लेख तळटीपेत, बारीक अक्षरात टाकला. चार साक्षीदार म्हणून जे उभे केले होते त्यातल्या दोघांचे पाय एकाच चपलेत होते.

बाई आधी गेल्या त्या संख्याशास्त्रज्ञाकडे. त्यांना सगळे दशांश म्हणतात, कारण त्यांना पूर्ण संख्येत बोलता येत नाही. दशांशांनी दार लावून घेतलं, यादी वाचली, संगणकावर काहीतरी केलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. एकशे त्रेसष्ट जण एकदाच मोजले तर डाग जवळजवळ एक पूर्णांक सहापट मोठा होतो, असं ते म्हणाले. तो सरकेल का, हे झाकण असेपर्यंत सांगता येणार नाही. पद्धत पुन्हा बसवायला दोन महिने लागतील. मग ते म्हणाले की बाई, तुमचं बरोबर आहे, पण हे मी बैठकीत बोलेन असं धरून चालू नका.

सरांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. शोध चांगला आहे, म्हणाले. परिशिष्टात तुमचे आभार मानू. फक्त क्रम बदलू. आधी झाकण काढू, उत्तर बघू, परिषदेत सांगून येऊ आणि नंतर सावकाश या एकशे त्रेसष्टांचं काय करायचं ते ठरवू. फरक पडला तर सुधारणा छापू.

बाई म्हणाल्या, "सर, आधी निकाल वाचायचा आणि मग साक्ष नोंदवायची, असं कोर्टात कोणी केलं असतं तर मी ते टंकलंच नसतं."

सर हसले. हे कोर्ट नाही, म्हणाले. उत्तर बघून कोणी साक्ष बदलेल असं तुम्हाला वाटतं का? बाई म्हणाल्या, बदलणार नाही. पण मनासारखं उत्तर आलं तर हे तारे कसे फारसे महत्त्वाचे नाहीत ते सांगणारे तीन जण उभे राहतील, आणि मनाविरुद्ध आलं तर तेच तिघं याच ताऱ्यांना दोष देतील. त्यांनी तिघांची नावंही सांगितली. तेव्हा सरांनी विषय बदलला आणि बाईंच्या जागेचं नूतनीकरण जवळ आल्याची आठवण करून दिली. जागा वर्षावर्षाची होती आणि कागदावर सही सरांची लागत असे. धमकी अशी त्यांनी दिली नाही. सुशिक्षित माणूस फक्त तारखा सांगतो.

बाईंना तारखा कळत होत्या. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. एकदा जास्तीचं ठरलेलं माणूस दुसऱ्यांदा जास्तीचं ठरलं की त्याला तिसरी जागा मिळत नाही, हे त्यांनी कोर्टातून निघालेल्या आपल्या सहा मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं होतं. घरी त्यांनी सगळं सांगितलं. यजमान हात धूत होते. म्हणाले, लिफ्ट अडकली की आतले साहेब लोक आधी सगळी बटणं एकदम दाबतात, आणि मग मला फोनवर सांगतात की बटणं खराब आहेत. बाई म्हणाल्या, मला चुटके नकोत. मग ते गंभीर झाले आणि विचारलं, तू काय ठरवलंयस? बाई म्हणाल्या, ठरवायचं काय त्यात. एकशे त्रेसष्ट म्हणजे एकशे त्रेसष्ट. तीनशे सव्वीस नाहीत. सासूबाईंनी आतून विचारलं की मग नोकरीचं काय. बाई म्हणाल्या, "गेली तर माझी जाईल, आई. ताऱ्यांना कोण काढतंय." सासूबाई म्हणाल्या, तेही खरंच, आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. हा होकार होता. त्या घरात विरोध असला की आवाज येतो.

गुरुवारी दशांश झेरॉक्स काढायला आले. त्यांच्या हातात झेरॉक्स काढण्यासारखं काही नव्हतं. यंत्राकडे बघत ते म्हणाले की इमारतीतल्या प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या कार्यालयात असते, आणि आज कोणीतरी या कपाटाच्या किल्लीची चौकशी केली. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. कोरा कागद छापून घेऊन ते निघून गेले.

सरांच्या अकरा नियमांमध्ये चौथा नियम असा आहे: झाकण उघडेपर्यंत किल्लीधारकाला गुप्त आकडा केव्हाही बदलता येईल, मात्र बदल केल्याचं गटाला लेखी कळवावं. हा नियम सरांनी घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी परका चोर असणार. शुक्रवारी दुपारी बाईंनी संगणकात नवा आकडा टाकला. तो कुठे लिहिला नाही. मग रोजच्या सवयीप्रमाणे आठवड्याचा अहवाल तयार केला, आणि आठव्या मुद्द्याच्या (झेरॉक्सची शाई संपत आली आहे) खाली लिहिलं: "९. नियम ४ प्रमाणे झाकणाचा आकडा आज बदलला. नवा आकडा लिफाफ्यात नाही." अहवाल सगळ्यांना पाठवला. तासाभरात सगळ्यांच्या नावापुढे 'वाचले' अशी खूण उमटली; ती करायला अहवाल उघडावा लागत नसे. बाई सहाला घरी गेल्या.

सोमवारच्या बैठकीला सर नव्या शर्टात आले. पडदा आधीच लावलेला होता. पद्धत गोठलेली आहे, सह्या झालेल्या आहेत, वेळ थोडा आहे, म्हणून गटप्रमुख या नात्याने आपण शनिवारी झाकण काढलं, असं त्यांनी सांगितलं. ते इतक्या सहज सांगितलं की शनिवारी कार्यालय बंद असतं, म्हणजे दुसरी किल्ली आधीच घेऊन ठेवलेली असणार, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी दिवे मालवले. पडद्यावर डाग होता, लहान, घट्ट, आणि पाठ्यपुस्तकी विश्वापासून कोसभर लांब. रेटा ढिला पडत होता. नुसता ढिला नाही. ज्या वेगाने ढिला पडत होता ते पाहता गेल्या चार दशकांची पाठ्यपुस्तकं रद्दीत घालावी लागली असती.

टाळ्या झाल्या. मग बोलणी सुरू झाली, आणि ती ऐकण्यासारखी होती. एक जण म्हणाला, मला पहिल्यापासून आतून वाटतच होतं. दुसऱ्याने सांगितलं की दीर्घिकांच्या अंतरांतही हे दिसत होतं, फक्त बघायची दृष्टी हवी होती. तिसरा फळ्यापाशी गेला आणि रेटा असाच ढिला का पडला पाहिजे याचं समीकरण त्याने पाच मिनिटांत मांडून दाखवलं. एकशे त्रेसष्ट ताऱ्यांचा विषय कोणी काढलाच तर, एवढा लखलखीत निकाल असताना त्यांनी काय फरक पडणार, असंही ठरून गेलं. बाईंनी नावं सांगितलेले तिघं ते हेच.

बाईंनी हात वर केला. सर म्हणाले, बोला बाई, तुमचाही यात वाटा आहे.

"सर, लिफाफ्यातला आकडा जुना आहे. शुक्रवारी मी बदलला. अहवालात नववा मुद्दा आहे."

कोणीतरी दिवे लावले. कोणीतरी अहवाल पडद्यावर आणला. शाई संपत आल्याचं सगळ्यांनी वाचलं आणि मग त्याच्या खालचं वाचलं. बाजूला सगळ्यांची नावं आणि नावांपुढे 'वाचले'. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावरचं ते ढिलं होत चाललेलं विश्व म्हणजे बाईंच्या मनातल्या दोन आकड्यांमधली वजाबाकी होती. फळ्यापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी समीकरण पुसायला घेतलं. ते पुसताना डस्टरचा फारच आवाज येतो आहे असं सगळ्यांना वाटलं.

"बाई, तुम्ही मला फसवलंत," सर म्हणाले.

"मी कळवलं होतं सर. तुम्ही कपाट उघडलंत, अहवाल उघडला नाहीत."

सरांनी नवा आकडा मागितला. बाई म्हणाल्या, जुळे तारे एकदाच मोजले जातील, पद्धत पुन्हा गोठेल आणि पाच सह्या नव्याने होतील, त्या दिवशी आकडा मी स्वतः फळ्यावर लिहीन. सर म्हणाले, हा हुकूम आहे. बाई म्हणाल्या, असेल. सर म्हणाले की तुमच्या जागेचा कागद माझ्या टेबलावर आहे. हे मात्र त्यांनी भर बैठकीत म्हटलं आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. बाई बसल्या नाहीत. त्यांच्या हातात वही होती, ती त्यांनी छातीशी धरली. "कागद ठेवा टेबलावर," त्या म्हणाल्या. "आकडा टेबलावर नाही."

खोलीत सात माणसं होती आणि त्यांच्याकडे मिळून अकरा पदव्या होत्या. मग दशांश उठले. ते भिंतीवर लावलेल्या गोठवणीच्या कागदापाशी गेले, खिशातून पेन काढलं आणि आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली. पुन्हा जाऊन बसले. चारच सह्या उरल्या आणि पाच लागत होत्या. दशांशांनी आयुष्यात प्रथमच पूर्ण संख्येत काहीतरी सांगितलं होतं.

दोन महिने काम चाललं. परिषद सरांशिवाय झाली. दुसऱ्या देशातल्या गटाने तिथे दणदणीत निकाल सांगितला आणि वर्तमानपत्रांत तो पहिल्या पानावर आला. त्यांनीही ताऱ्यांच्या याच दोन याद्या वापरल्या होत्या. बाईंनी त्यांना एकशे त्रेसष्ट ताऱ्यांचे दोन्ही पत्ते समोरासमोर मांडून पाठवले. विषयातल्या आपल्या आवडीबद्दल आभार, असं उत्तर आलं. बाईंनी ते फायलीला लावलं. आवड नसल्याबद्दलच आपल्याला ही जागा मिळाली आहे, हे त्यांना कळवायचं कारण नव्हतं.

इथे संस्थेत मात्र सरांनी नूतनीकरणाच्या कागदावर दोनच महिन्यांची सही केली. कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, पुढचं काय लिहू. तर सर म्हणाले, पुढचं कोरं ठेवा. बाईंशी बोलणं बंद झालं. चहाच्या वेळी त्या आल्या की टेबलावरची माणसं घड्याळाकडे बघत. पहिल्यापासून आतून वाटणाऱ्या गृहस्थांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं की तुमच्यामुळे आम्ही शर्यत हरलो. बाईंनी विचारलं, कुठे पळत होता? कुठे पोचायचं ते तर झाकणाखाली होतं. घरी सासूबाई रोज विचारत की आज नोकरीवरून काढलं का, आणि बाई सांगत की नाही. मग सासूबाई जरा निराश झाल्यासारख्या दिसत. भांडायला त्या तयारीत असत.

नव्या पाच सह्या झाल्या, त्यात सर्वांत वर दशांशांची. अकरा वाजता बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर आकडा लिहिला: उणे शून्य दशांश दोन सहा. तो संगणकात वजा केला गेला. डाग सरकला आणि थांबला. मोठा होता तो आता, आणि ओबडधोबड. पाठ्यपुस्तकी विश्व त्याच्या कडेवर बसलं होतं, एक पाय आत, एक बाहेर. रेटा ढिला पडत असेल, पडत नसेलही. सध्या जेवढ्या साक्षी आहेत तेवढ्यांत कोणालाही दोषी ठरवता येत नाही. टाळ्या झाल्या नाहीत. आपल्याला आधीपासून असंच वाटत होतं, असं कोणी म्हणालं नाही, हे त्या उत्तराच्या खरेपणाचं मोठंच प्रमाण मानायला हरकत नव्हती.

राहिलं एक काम. सातवा नियम सांगतो की झाकण कसं सांभाळलं गेलं याचं निवेदन किल्लीधारकाने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावं आणि ते शोधनिबंधाबरोबर जसंच्या तसं छापावं. त्याशिवाय निबंध पाठवू नये. बाईंनी ते चार वाक्यांत लिहिलं. पहिलं, गुप्त आकडा दोनदा ठेवला गेला. दुसरं, पद्धतीतली चूक तोंडी आणि आकड्यातला बदल लेखी कळवल्यानंतर गटप्रमुखांनी कपाट उघडून जुन्या आकड्याने झाकण काढलं आणि तो निकाल गटाने खरा मानला. तिसरं, एकशे त्रेसष्ट तारे दोनदा मोजले होते, ते आता एकदा मोजले आहेत. चौथं, त्यानंतर झाकण एकदाच, सर्वांसमोर काढलं.

सरांनी कागद दोनदा वाचला. खोलीत ते दोघंच होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. दमल्यासारखे वाटत होते. वाईट माणूस नव्हते ते, नियम त्यांचेच होते. म्हणाले, "बाई, दुसरं वाक्य नसलं तरी निवेदन पुरं होतं. शास्त्राच्या दृष्टीने त्याची गरज नाही. ते काढा. नूतनीकरणाचा कागद आणा, मी पूर्ण वर्षाची सही करतो."

बाई बसल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरच्या निवेदनाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"नियम तुमचाच आहे सर, किल्लीधारकाच्या हस्ताक्षरात. ते वाक्य नको असेल तर दुसरा किल्लीधारक नेमा आणि त्याच्याकडून लिहून घ्या की त्याने काही पाहिलं नाही. ते खरंही असेल."

त्यांनी कपाटाची किल्ली पर्समधून काढून निवेदनावर ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. नूतनीकरणाचा कागद शेवटपर्यंत त्यांनी आणला नाही.

सर ते निवेदन आठ दिवस टेबलाच्या खणात ठेवून होते. नवव्या दिवशी त्यांनी निबंध पाठवला. तो छापून आला तेव्हा बाईंच्या जागी कोणी नव्हतं आणि अहवालही कोणी काढत नव्हतं. निबंध फारसा कोणी वाचला नाही. काय घडलं नाही हे सांगणारं सहसा कोणी वाचत नाही. शेवटच्या पानावर त्यांचं हस्ताक्षर जसंच्या तसं आलं आहे, टंकणाऱ्या बाईचं असावं तसं सरळ, चारही वाक्यं. दुसऱ्या वाक्यावर पेन जरा जास्त दाबलेलं दिसतं.